डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढलं. आता इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर ठोकून घेऊ, बदलू की मोठा बसवू?

चिखल्या

नमस्कार मंडळी. गाडी १९९९ ची जीप रँग्लर, ४ लिटरचं सरळ सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, पुढे सलग अ‍ॅक्सल. खडकाळ वाटेवर उतरताना एका पायरीवरून पुढची चाकं खाली गेली आणि खालून 'धप्प' असा आवाज आला. 'खण्' नाही, 'धप्प'. उतरून वाकून पाहिलं. गळती नाही, वास नाही. घरी आलो.

दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढली तर ऑइल फुलच्या खुणेच्याही वर, पाच-सहा मिलिमीटर. मी तर काही ओतलं नव्हतं! आधी वाटलं कूलंट मिसळलं. पण रंग दुधाळ नाही. मग वाटलं पेट्रोल उतरतंय. काडी नाकाशी धरली, ऑइलचाच वास. दोन दिवस इंटरनेटवर हेड गॅस्केटची भुतं पाहून झाल्यावर गाडीखाली शिरलो, तेव्हा कळलं की चेंबरच्या तळाला पोचा पडलाय. तळ वर गेला म्हणून पातळी वर गेली. ऑइल तेवढंच, भांडं लहान.

आता दोन गोष्टी दिसतायत. एक, सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर ऑइल प्रेशरचा काटा उठायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. दोन, तीव्र उतारावर (फोनवर २७-२८ अंश दाखवत होतं) काटा १० पीएसआयच्या खाली लोळतो. सपाटीवर आला की परत नीट.

मित्र म्हणतात, आता उघडतोच आहेस तर अ‍ॅल्युमिनियमचा मोठा चेंबर बसव, दोन लिटर जास्त ऑइल मावेल, प्रश्न कायमचा मिटेल. मला तीन गोष्टी विचारायच्यात: पत्र्याचा की अ‍ॅल्युमिनियमचा? मोठा घ्यावा का? आणि नुसती जाड स्किड प्लेट (खालून दगड अडवणारी) लावून भागेल का?

धुरकट

पोचा ना? माझ्या गाडीचा चेंबर आता पोच्यांचाच बनलाय, तीन वर्षं तसाच पळतोय. गळत नसेल तर हात लावू नको. उघडलं की गळायला लागतं हा माझा अनुभव.

तेराचा पाना

धुरकट, तुझं शेवटचं वाक्य खरं आहे, पण त्याचा दोष पोच्याला नाही, सिलिकॉन (सांध्याला लावायची लुकण) थापणाऱ्याला आहे. त्यावर नंतर येते.

चिखल्या, गाडी चालवू नकोस. ढकलून हलव हवी तर. पोचा किती मोठा हे विचारण्याआधी पोचा कुठे आहे ते विचारायचं असतं. चेंबरच्या आत तळाजवळ ऑइल ओढणारी जाळी असते. जाळी आणि तळ यांच्यामध्ये साधारण ६ ते १० मिलिमीटर फट ठेवलेली असते. बाहेरून कपाळाला टेंगूळ आल्यासारखा दिसणारा पोचा आतून त्या फटीत शिरतो. आणि ऑइल हे पाणी नव्हे. पातळ फटीतून दाट द्रव ओढताना अडथळा फटीच्या घनाप्रमाणे वाढतो. फट ८ वरून २ मिलिमीटर झाली म्हणजे अडथळा चौपट नाही, चौसष्टपट. गरम ऑइलला ते कसंबसं निभावतं, सकाळच्या थंड ऑइलला नाही. तुझा काटा सकाळी उशिरा का उठतो, ते यात आलं.

उतारावरचा काटा हे मात्र वेगळं दुखणं असण्याची शक्यता जास्त. दोन्हींना एकच औषध लावायला गेलास तर एक उरेल आणि तू म्हणशील नवा चेंबर वाईट निघाला.

उघडण्याआधी एक काम कर. ऑइल काढ, आणि ड्रेन प्लगच्या भोकातून फोनला जोडायचा तो वायरचा कॅमेरा आत घाल. जाळी कुठे आहे आणि पोच्याचं पोट तिच्यापासून किती लांब आहे ते दिसेल. काढलेलं ऑइल मोजून ठेव. या इंजिनात फिल्टरसकट सुमारे ५.७ लिटर बसतं. आणि पोच्याची मापं दे: वरवरची नको, पोच्यावर पोलादी पट्टी आडवी धरून खोली मोज.

चिखल्या

धन्यवाद दादा. मोजलं. पोचा जवळजवळ गोल, १५ सेंटिमीटर रुंद, मध्यभागी ३ सेंटिमीटर खोल. कॅमेऱ्यात जाळी दिसली. पोच्याच्या मध्यावर नाही, उताराच्या कडेला आहे. फट दिसते, पण किती ते कॅमेऱ्यावरून सांगता येत नाही. ऑइल ५.६ निघालं.

तेराचा पाना

दादा नव्हे, ताई. चालू दे.

१५ रुंद, ३ खोल म्हणजे वाटीसारखा आकार धरला तर पावणेतीनशे मिलिलिटरच्या आसपास जागा गेली. काडीवरचे तुझे पाच-सहा मिलिमीटर त्याच्याशी जुळतात. म्हणजे कूलंटबिलंट काही नाही, निश्चिंत राहा.

आता खाली काढ. रँग्लरमध्ये याला पर्याय नाही आणि ते एका माणसाचं कामही नाही. गाडी चेसीखाली घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), पुढचा अ‍ॅक्सल मोकळा लोंबू दे म्हणजे चेंबर सरकायला जागा होते. एक्झॉस्टचा पाइप, स्टार्टर, फ्लायव्हीलचं छोटं झाकण हे आधी. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, हे लिहायची गरज पडू नये, तरी लिहिते.

फट मोजायची माझी पद्धत. लहान मुलांची प्लास्टिसीन माती घे, तिची सुपारीएवढी गोळी जाळीच्या तळाला चिकटव. चेंबर पॅकिंगसकट परत वर लावून चार कोपऱ्यांचे बोल्ट हाताने आवळ. मग काढ. गोळीची चकती झालेली असते, तिच्या एका बाजूला जाळीच्या तारांची नक्षी उठते आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याची गुळगुळीत पाठ. चकतीची जाडी कॅलिपरने मोज. ती तुझी फट. माझ्या गाडीच्या वेळी ती चकती इतकी पातळ होती की उजेडाकडे धरल्यावर मधून बोट दिसत होतं. मला वाटत होतं फट बरीच आहे.

तीच गोष्ट सांगते, कारण तुझे मित्र तुला तिकडेच नेतायत.

माझी जुनी गाडी, पोचा असाच. मीही मोठा चेंबर आणला. खोल, चकचकीत, दोन लिटर जास्त. बसवला. जुन्याच मापाचं ऑइल ओतलं, पुस्तकात तेवढंच लिहिलेलं होतं म्हणून. काडी काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. मी स्वतःला समजावलं, चेंबर खोल आहे, आता काडी जुळणार नाही, चालतंय. कारण मला दिसत होतं ते मला नको होतं. जाळीची नळी मात्र जुनीच, आखूड. म्हणजे ऑइल खाली गेलं, जाळी वरच राहिली. सपाट रस्त्यावर आठवडाभर काही झालं नाही. मग एका लांब चढावर खालून टकटक सुरू झाली, थांबेपर्यंत कनेक्टिंग रॉडचं बेरिंग गेलेलं. क्रँक उतरवून घासून घ्यावा लागला. चेंबरमध्ये त्या वेळी किती ऑइल होतं? जुन्या मापाचं, पूर्ण. एक थेंब गळला नव्हता.

म्हणून: खोल चेंबर घ्यायचा तर त्याच्या मापाची जाळीची नळी, त्याच्या मापाची काडी (किंवा नवी खूण), आणि त्याच्या मापाचं ऑइल. यातलं एकही सोडलं तर घेऊ नको. आणि चौथी गोष्ट, जी ऑफरोडवाल्याने पहिली विचारायला हवी: खोल म्हणजे खाली. ज्या दगडाने आत्ता पोचा पाडला, त्याच्याकडे आणखी चार सेंटिमीटर सरकून कशाला जायचं? जास्त ऑइल हवंच असेल तर बाजूने रुंद केलेला चेंबर असतो, तळ जुन्याच उंचीवर. पण त्याच्या शेजारी एक्झॉस्ट, स्टार्टर, स्टिअरिंगचे दांडे. सगळ्यांना जागा पुरते का ते आधी बघायचं.

सलग अ‍ॅक्सलवाल्यांनी आणखी एक. अ‍ॅक्सल वर येतो. सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की डिफरेन्शियलचा गोळा आणि ट्रॅक बार इंजिनाखाली कुठे येतात ते गाडी उभी असताना दिसत नाही. स्प्रिंगा काढून अ‍ॅक्सल जॅकने बंपस्टॉपला (वर येणारा अ‍ॅक्सल अडवणाऱ्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर घ्यायचा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचं आणि मध्ये हात जातो का बघायचं. इंजिन रबरी माउंटवर हलतं, म्हणून बोटभर तरी जागा उरायला हवी. नसेल तर बंपस्टॉप लांब करायचा, चेंबर नव्हे.

धुरकट

ताई, मग उतारावर काटा पडतो त्याचं काय? तिथे तर मोठा चेंबर कामाला येईलच ना. जास्त ऑइल म्हणजे जास्त ऑइल.

तेराचा पाना

गणित करू, ढोबळच. समज चेंबरचा खोल भाग २८ सेंटिमीटर लांब, २० रुंद, आणि सपाटीवर त्यात १० सेंटिमीटर ऑइल उभं आहे. म्हणजे साडेपाच लिटरच्या आसपास. इंजिन चालू असताना लिटरभर ऑइल वर हेडमध्ये, गॅलऱ्यांमध्ये, भिंतींवरून ओघळताना असतं. पातळी ८ सेंटिमीटरवर आली. आता गाडी ३० अंशांत कलली. ऑइलचा पृष्ठभाग आडवाच राहणार, चेंबर तिरका झाला. मध्यापासून १४ सेंटिमीटरवरच्या कडेला पातळी किती खाली गेली? १४ गुणिले ०.५८, म्हणजे ८ सेंटिमीटर. होते ८, गेले ८. वरच्या कडेला तळ उघडा पडला. जाळी त्या कडेला असेल तर ती हवा ओढणार.

हे सुद्धा चौकोनी डब्याचं गणित. तुझ्या इंजिनात खोल भाग मागे आणि पुढचा भाग उथळ, कारण खाली अ‍ॅक्सल आहे. चढाला ऑइल मागे, म्हणजे खोल भागातच राहतं. म्हणून तुझा काटा चढाला पडत नाही. उताराला ते उथळ भागाकडे पुढे धावतं आणि खोल भाग रिकामा होतो. बरोबर ना, चिखल्या? चढाला कधी पडला?

यावर दोन लिटर वाढवले तर फायदा होतो, नाही असं नाही. पण फायदा पळून जाणाऱ्या ऑइलच्या मागे आणखी ऑइल पाठवण्याचा आहे. ऑइलला पळूच न देणं स्वस्तात होतं: खोल आणि उथळ भागांच्या मध्ये पत्र्याची आडभिंत. तिला बॅफल म्हणतात. तयार चेंबरमध्ये कधी बिजागरीची छोटी दारं असतात, जी जाळीकडे उघडतात आणि उलट्या दिशेने मिटतात. दारं रबराची असतील तर मी घेत नाही. गरम ऑइलमध्ये रबर कडक होतं आणि एक दिवस तो तुकडा जाळीवर जाऊन बसतो.

जाता जाता: दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये ही जाळी तरंगती होती, बिजागरीवर, ऑइलच्या पातळीबरोबर वरखाली होणारी. तळाचा गाळ न ओढता वरचं स्वच्छ ऑइल ओढावं म्हणून. मला फार आवडते ती.

काट्याबद्दल: या इंजिनाला आयडलला, म्हणजे ६०० आरपीएमला, किमान १३ पीएसआय हवं, आणि १६०० च्या वर ३७ ते ७५. उतारावर तू लो गिअरमध्ये इंजिनावर गाडी धरून उतरत असणार, म्हणजे आरपीएम आयडलच्या वर. तिथे १० च्या खाली म्हणजे जाळी हवा पितेय. डॅशबोर्डचा लाल दिवा या कामाचा नसतो. तो लागतो तेव्हा प्रेशर जवळपास संपलेलं असतं.

चिखल्या

चढाला कधीच पडला नाही. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

चेंबर उतरवला. चकती १.८ मिलिमीटर. तारांची नक्षी इतकी स्वच्छ उठलीय की मोजता येतील. फोटो काढून ठेवला.

ओतीव

तुमच्या चर्चेत अ‍ॅल्युमिनियमवाला एकटा मीच दिसतोय, म्हणून दोन शब्द. माझ्या गाडीत चेंबर हा नुसता डबा नाही. तो ओतीव आहे, मागे गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगला बोल्टने धरलेला आहे आणि इंजिनाचा ताठपणा त्याच्यावर अवलंबून आहे. काही स्वतंत्र सस्पेन्शनच्या चारचाकी ड्राइव्ह गाड्यांत तर पुढच्या चाकाचा दांडा चेंबरच्या आरपार जातो, डिफरेन्शियल त्यालाच टांगलेलं असतं. असा चेंबर काढून पत्र्याचा जाड चेंबर लावू, असं कुणी म्हणालं तर त्याला आधी खाली बघायला सांगा. तिथे 'अपग्रेड' या नावाखाली फक्त स्किड प्लेट होऊ शकते.

माझा फुटला तेव्हा पोचा वगैरे काही नाही. एक आवाज, आणि मागे काळा पट्टा. मी लगेच इंजिन बंद केलं, तेवढंच शहाणपण. तडा बोटाएवढा होता. उरलेलं ऑइल काढून टाकलं, तडा कानशीने खरडून चमकेपर्यंत घासला, पेट्रोलने पुसला, वाळू दिला, मग दोन भागांची इपॉक्सी मळून दाबून बसवली. रात्र तिथेच काढली. सकाळी ऑइल ओतून हळूहळू बाहेर आलो. घाईत तासाभरात ओतलं असतं तर टिकलं नसतं. नंतर वेल्डिंग करायला गेलो तर वेल्डरने चक्क नको म्हटलं: ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या छिद्रांत ऑइल मुरलेलं असतं, टाका लावला की आतून उकळून वर येतं. नवाच घेतला.

तेराचा पाना

ओतीवच्या वेल्डरचा पत्ता हवा होता, पण मागत नाही. नको म्हणणारे वेल्डर दुर्मिळ.

चिखल्या, म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दगडांत जाणाऱ्या गाडीला पत्रा. पत्रा वाकतो, ताणतो, तू घरी येतोस आणि मग काडीवर जास्त ऑइल बघून दोन दिवस घाबरतोस. अ‍ॅल्युमिनियम हलकं, उष्णता पोलादापेक्षा किती तरी चांगली वाहून नेतं, दिसायला देखणं. तुझ्या वाटेवर यातलं पहिलंही कामाचं नाही. ज्यांच्या इंजिनाला कंपनीनेच ओतीव दिलाय त्यांनी तोच ठेवायचा.

जुना ठोकून घ्यायचा का? येतो ठोकता. पण पत्रा ताणून पातळ झालेला असतो आणि पोच्याच्या घडीवर केसाएवढी चीर असू शकते. ठोकलास तर बाहेरून खडूची भुकटी पाण्यात कालवून पातळ पोत, वाळू दे, आत रॉकेल भर आणि रात्रभर ठेव. चीर असेल तर सकाळी पांढऱ्यावर ओली रेघ दिसते. ३ सेंटिमीटरच्या पोच्याला मी एवढा खटाटोप करणार नाही, नवा मूळ मापाचा घेईन. तुझा मूळ चेंबर काही वाईट नव्हता. त्याच्याखाली काही नव्हतं, एवढंच.

नव्यात बॅफल घाल. पत्रा दीड ते दोन मिलिमीटर, खोल भागाच्या पुढच्या काठावर उभा, वरचा काठ क्रँकला कुठेही लागणार नाही इतका बुटका. तळाच्या दोन कोपऱ्यांत साधारण १० मिलिमीटरच्या खिडक्या सोड, नाहीतर पुढे गेलेलं ऑइल परत येणारच नाही. वेल्डिंग थोडं थोडं, थांबून थांबून. एकदम चालवलंस तर फ्लँज, म्हणजे बोल्टची कड, वाकेल. झाल्यावर चेंबर काचेवर पालथा ठेव आणि कडेने फीलर गेज फिरव. जुन्या चेंबरच्या फ्लँजलाही बघ, बोल्टच्या भोकांभोवती पत्रा खळग्यासारखा आत गेलेला असेल. तो अति आवळल्यामुळे. गळती तिथून असते, धुरकट.

सिलिकॉन. या इंजिनाला अखंड रबरी पॅकिंग मिळतं, ते घे. सिलिकॉन फक्त चार ठिकाणी: पुढे टायमिंग कव्हर ब्लॉकला मिळतं ते दोन कोपरे, मागे रिअर मेन कॅपचे दोन कोपरे. तिथे तांदळाएवढं. बाकी ठिकाणी काही नाही. सगळीकडे थापणाऱ्यांना वाटतं जास्त म्हणजे भक्कम. बोल्ट आवळले की जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही येतं, आणि आतलं कुठे जातं? जाळीकडे. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून मगच. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत. लहान बोल्ट साधारण १० न्यूटन मीटर, मोठे १५. लांब दांड्याचा पाना कपाटात ठेव, हे मनगटाचं काम आहे. ऑइल दुसऱ्या दिवशी ओत.

स्किड प्लेट. ती चेसीला, इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला नाही. चेंबर आणि प्लेट यांच्यात २०-२५ मिलिमीटर, कारण प्लेटही वाकते आणि इंजिनही हलतं. प्लेट चेंबरला टेकली म्हणजे दगडाचा घाव थेट चेंबरला, फक्त पसरून. ६० गुणिले ५० सेंटिमीटरची ५ मिलिमीटर पोलादी प्लेट पावणेबारा किलो भरते, ६ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची पाच किलोच्या आत. अ‍ॅल्युमिनियम दगडावर रुततं, पोलाद घसरतं. मी पोलाद लावलंय आणि पुढच्या स्प्रिंगांना ते जाणवतं हेही कबूल करते. ड्रेन प्लगखाली भोक ठेव, नाहीतर दर वेळी प्लेट काढावी लागेल आणि मग तू ऑइल बदलणं पुढे ढकलशील. चिखल धुवायला कडेला खाचा. वाळकं गवत आत साठून एक्झॉस्टला लागलं तर पेटतं, दर ट्रिपनंतर हात घालून काढायचं.

काढलेल्या जुन्या फिल्टरचं काय केलंस? फेकला नसशील तर पत्र्याची कात्री घेऊन उघड. घड्या पसरवून उजेडात बघ. तांब्याच्या रंगाची चमक दिसली तर बेरिंगला हवा लागून गेलेली आहे, आणि मग चेंबर लावण्याआधी खालून बेरिंगच्या दोन कॅप उघडून बघायच्या. चेंबर खालीच आहे, आत्ताच संधी.

चिखल्या

उशिरा लिहितोय, माफी. सगळं झालं. नवा मूळ मापाचा चेंबर, बॅफल, प्लेट ५ मिलिमीटर पोलादी. बॅफल पहिल्या वेळी क्रँकच्या वजनाला घासत होतं. हाताने इंजिन फिरवून बघितलं म्हणून कळलं, नाहीतर सुरू केल्यावर कळलं असतं. ७ मिलिमीटर कापलं. माती परत लावून बघितली: चकती ८.५.

सकाळचा काटा आता किल्ली सोडेपर्यंत वर. त्याच उतारावर तीनदा गेलो, त्याच गिअरमध्ये. एकदा २४ पर्यंत आला, त्याखाली नाही. आधी तिथे १० च्या खाली होता. पहिल्यांदा उतरताना मी रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होतो, बायको ओरडली.

फिल्टर उघडला. तांब्याची चमक नाही. दोन कॅप तरीही उघडल्या, बेरिंग करड्या रंगाची, एकसारखी, नखाला खाच लागत नाही. पण घड्यांमध्ये सिलिकॉनचा एक तुकडा सापडला, तांदळाएवढा, आणि जुन्या जाळीवर त्याचे आणखी दोन भाऊ.

धुरकट

तुझंच असणार. पहिल्यांदा सगळ्यांकडून जास्त होतं.

चिखल्या

नाही. मी करडं वापरलंय. हे काळं आहे, आणि कडक. माझ्या आधीच्या मालकाचं.

तेराचा पाना

जाळी बदललीस की नुसती धुतलीस?

चिखल्या

धुतली.

तेराचा पाना

चेंबर परत काढ.